ठशाचं नव्हे, चिखलाचं वय

गोदावरीचा पूर ओसरला की नाशिकच्या घाटावर गाळाचा गुळगुळीत थर उरतो. त्यावरून कुणी अनवाणी गेलं की पाचही बोटं, टाच आणि मधली कमान स्वच्छ उमटते. दुसऱ्या दिवशी घाट धुतला जातो आणि ठसे संपतात. एखाद्या ओसाड तळ्याच्या काठी मात्र धुणारं कुणी नसतं. चिखल उन्हात कडक होतो, वाऱ्याने आलेली रेती ठशात भरते आणि त्यावर पुढच्या पाण्याचा गाळ बसतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या व्हाइट सँड्स इथले माणसाचे ठसे असेच टिकले. २०२१ मध्ये त्यांचं वय २१ ते २३ हजार वर्षं असल्याचं जाहीर झालं आणि वादाला तोंड फुटलं, कारण अमेरिकेत माणूस इतक्या आधी पोचला होता हे अनेकांना पटत नव्हतं.

अशा बातमीत 'ठशांचं कार्बन डेटिंग' असं हमखास छापून येतं. ठसा म्हणजे खळगा. खळग्याचं डेटिंग करणार कशाचं? वय निघतं ते ठशाच्या खालच्या आणि वरच्या थरांचं. खालचा थर ठशापेक्षा जुना, वरचा नंतरचा, आणि पाऊल पडलं ते या दोन तारखांच्या मधे कधीतरी.

व्हाइट सँड्सच्या थरांत रुपिया नावाच्या पाणवनस्पतीच्या बिया होत्या (रुपयाशी काही संबंध नाही). त्यांच्यातला कार्बन-१४, म्हणजे सजीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मोजला गेला. टीकाकारांनी बोट ठेवलं ते नेमकं 'पाणवनस्पती' या शब्दावर.

बोअरचं पाणी उकळून पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तिथे या आक्षेपाचं मूळ आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतली चुनखडी विरघळवतं. त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. हिशेब सरळ आहे: बायकार्बोनेटमधल्या दर दोन कार्बन अणूंपैकी एक मातीतल्या हवेचा आणि एक खडकाचा. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, आणि चुनखडी त्याहून इतकी जुनी की तिच्यात हा कार्बन औषधालाही उरलेला नसतो. पाण्याखाली वाढणारी वनस्पती हेच बायकार्बोनेट खाते. तिचा निम्मा कार्बन असा मृत असेल, तर आज सकाळी तोडलेलं बीसुद्धा प्रयोगशाळेत साडेपाच हजार वर्षांचं दिसेल. मृत कार्बन दहा टक्केच असेल तर चूक सुमारे साडेआठशे वर्षांची.

ही चूक ठरावीक असती तर वजा करून मोकळं होता आलं असतं. तसं होत नाही. उथळ, वाऱ्याने ढवळलं जाणारं तळं हवेशी देवाणघेवाण करतं आणि मृत कार्बनचा वाटा घटतो. झऱ्यावर पोसलेल्या खोल डबक्यात तो तसाच राहतो. एकाच तळ्याच्या दोन काठांवर, दोन वेगळ्या वर्षी आकडा बदलू शकतो.

तोड अशी निघाली की कार्बन थेट हवेतून घेणारी वनस्पती शोधायची. पाइन, स्प्रूस, फर ही जमिनीवरची झाडं, आणि त्यांचे परागकण वाऱ्याबरोबर येऊन त्याच चिखलात पडलेले. पण परागकण एवढासा, की एका नमुन्यासाठी सुमारे ७५ हजार कण लागले. ते निवडायला फ्लो सायटोमीटर वापरला, म्हणजे रक्तपेशी मोजायला वापरतात तेच यंत्र. द्रवाच्या बारीक धारेतून कण एकेक करून लेझरसमोरून जातात, आणि ज्याची चमक परागासारखी तो बाजूला काढला जातो. २०२३ मध्ये आलेली ही वयं बियांच्या वयांशी जुळली. परागालाही खोट आहेच: तो सहजी कुजत नाही, त्यामुळे जुना काठ खचला तर जुने कण नव्या थरात येऊ शकतात.

उलट्या दिशेची चूकही ध्यानात ठेवायला हवी. २३ हजार वर्षांनी मूळच्या कार्बन-१४ पैकी जेमतेम सहा टक्के उरतो. अशा नमुन्यात आजचा कार्बन एक टक्का जरी मिसळला, तरी वय सुमारे बाराशे वर्षांनी कमी दिसतं. गवताची बारीक मुळं, कापसाचा तंतू, कागदाचं पाकीट, यातलं काहीही पुरतं. म्हणून मुळं भिंगाखाली वेचतात, नमुना आम्ल, अल्कली आणि पुन्हा आम्ल असा धुतात.

कार्बनशी संबंधच नसलेली तिसरी साक्ष क्वार्ट्झच्या, म्हणजे वाळूतल्या गारेच्या कणांची. गाडल्या गेलेल्या कणावर भोवतीच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा आणि वैश्विक किरणांचा मारा चालू असतो. सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून साठत जातात, आणि ऊन लागलं की हा साठा रिकामा होतो. म्हणून नमुना घेताना लोखंडी नळी खणलेल्या थरांच्या उभ्या भिंतीत आडवी ठोकतात, दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकने बंद करतात, प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात उघडतात आणि टोकांची दोन-तीन सेंटिमीटर माती मुख्य मापनातून वगळतात. कणांवर निळा प्रकाश टाकला की साठ्याच्या प्रमाणात चमक येते. साठलेली मात्रा ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आणि दर हजार वर्षांना ३ ग्रे, तर वय २० हजार वर्षं. गाळात पाणी असेल तर ते मारा शोषतं, त्यामुळे ओलाव्याचा अंदाज चुकला की वयही चुकतं. गढूळ पुरातून आलेल्या कणाला पुरेसं ऊन मिळालेलं नसेल, तर तो उगाच म्हातारा दिसतो. व्हाइट सँड्सच्या क्वार्ट्झने वय किमान साधारण २१,५०० वर्षं सांगितलं.

आपल्याकडे कातळातला पावलाच्या आकाराचा खळगा दाखवून 'कार्बन डेटिंगने सिद्ध' असे फॉरवर्ड फिरतात. तिथे नमस्कार करायला कुणाची हरकत नाही. पण हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तो हजारभर अंश तापलेला असताना त्यात कुणी पाय ठेवला नसणार, आणि थिजल्यावर पाय रुतणार नाही. वाहत्या पाण्यात गोटे गरगरून असे रांजणखळगे पडतात, निघोजला कुकडीच्या पात्रात त्यांचं प्रदर्शनच आहे. शिवाय कार्बन-१४ ची धाव ५० हजार वर्षांच्या आसपास संपते.

गोदावरीच्या गाळात खरा ठसा मिळणं अशक्य नाही. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना नाशिकच्या गंगापूरजवळ नदीकाठी अश्मयुगीन हत्यारं मिळाली होती. अडचण वय काढण्याची आहे. काळ्या पाषाणात क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच, मिळालं तर गारगोट्यांतलं थोडंफार. फेल्डस्पार हे दुसरं खनिज भरपूर असतं, पण त्यातला इलेक्ट्रॉनांचा साठा अंधारातही गळतो आणि वय कमी दिसतं. काठच्या थरांत चुनखडीचे खडे असतात, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या कार्बनवर तोच पातेल्यातल्या थराचा संशय. त्यातल्या त्यात भरवशाचा उरतो झाडाचा कोळसा, तोही ठशाच्या वर आणि खाली दोन्हीकडे मिळाला तर. तो चिमट्याने उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवायचा, आणि ठशाचा साचा घ्यायचा तो फोटो, मोजमाप आणि नमुने झाल्यानंतरच, कारण साच्याचं रसायन एकदा गाळात मुरलं की तिथला कार्बन मोजण्यात अर्थ उरत नाही.