बॅककलर बदलला, तरी माऊस नेला की रंग गायब का होतो?

टूलबारवरचं बटण म्हणजे एक छोटंसं चित्र, त्यात काय एवढं, असं मलाही वाटायचं. पण बोल्डचंच बटण घ्या: नुसतं पडून असलेलं, माऊस आला की उजळलेलं, क्लिक करताना दबलेलं, ऑन राहिलेलं आणि वापरता येत नसेल तेव्हा करडं पडलेलं, एवढी पाच रूपं त्या एकाचीच.

विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या सोयीमध्ये, टूलस्ट्रिप नावाचा टूलबार आला २००५ ला, डॉटनेट २.० सोबत. नवीन माणूस त्यात हमखास काय करतो, तर बटणाचा बॅककलर (मागचा रंग) बदलतो, प्रोग्राम रन करतो, रंग दिसतो म्हणून खूश होतो आणि माऊस वर नेला की रंग गायब! माझी एक अख्खी दुपार यात गेलीये. कारण बटण स्वतःला रंगवतच नाही, ते काम रेंडरर नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे असतं आणि माऊस आला की तो त्याचा हायलाइटचा रंग फासून मोकळा होतो, तुमच्या बॅककलरला विचारतो कोण. त्यामुळे प्रोफेशनलकलरटेबल या क्लासमधले रंग ओव्हरराइड करून (म्हणजे त्यांच्या जागी आपले देऊन) ते टेबल रेंडररला द्यायचं, सगळी बटणं एका झटक्यात बदलतात.

दुसरी भानगड मॅजेंटाची. डिझायनरमध्ये, म्हणजे माऊसने फॉर्म मांडायच्या खिडकीत, नवं बटण टाकलं की इमेजट्रान्सपरंटकलर या त्याच्या सेटिंगमध्ये (चित्रातला कोणता रंग पारदर्शक धरायचा ते) हा रंग आयताच भरलेला असतो: लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. म्हणजे चित्रात हा रंग जिथे असेल तिथे काही काढायचं नाही. रंग इतका भडक की आयकॉनमध्ये कोणी सहसा वापरणार नाही, म्हणून निवडलेला. पण कड गुळगुळीत दिसावी म्हणून ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरने काळी रेघ मॅजेंटाच्या बॅकग्राउंडमध्ये मिसळली असेल तर कडेचे पिक्सेल साधारण १२८, ०, १२८ असे होतात, आणि जुळणी तंतोतंत लागत असल्यामुळे ते काही उडत नाहीत, आयकॉनभोवती जांभळट झालर राहते. पीएनजी वापरा, त्यात प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता ० ते २५५ अशी वेगळी साठवता येते.

साइझचं म्हणाल तर आयकॉन मुळात १६ बाय १६. स्क्रीनचं स्केलिंग (सगळं मोठं दाखवायची सेटिंग) २०० टक्क्यांवर असेल तर ३२ लागतात, एका पिक्सेलचे चार करून भागतं, जाडसर दिसतं पण स्वच्छ. १५० टक्क्यांना २४ लागतात आणि एका पिक्सेलच्या रेघेला दीड पिक्सेल व्हायला सांगितलं की ती बिचारी फिसकटते. तिथे २४ चं वेगळं चित्र काढण्याशिवाय मला तरी दुसरा इलाज सापडलेला नाही.