पाईपच्या पोटात पाणी किती?

वडोदऱ्यात मिस्त्रीला ‘पाईपमध्ये पाणी किती मावतं?’ विचारलं, तर तो आधी पाईप जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) की पीव्हीसीचा (प्लास्टिकचा) ते विचारेल. ते बरोबरच आहे. सूत्र (गोल छेदाचं क्षेत्रफळ गुणिले लांबी) हजारो वर्षं जुनं आहे, घोळ व्यासात आहे.

इजिप्तच्या ऱ्हिंड पपायरसात (इ.स.पू. सुमारे 1550) गोल कोठाराचं गणित आहे. व्यास 9 हात, उंची 10. व्यासातून नववा हिस्सा वजा करायचा, उरलेल्या 8चा वर्ग करून उंचीने गुणायचं: 640 घनहात. आजच्या सूत्राने 636 येतात! आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त व्यासावरून परीघ काढायला दोन गुणोत्तरं दिली: सूक्ष्म 3927/1250 आणि व्यवहारापुरतं 22/7. नळकामाला दुसरं पुरतं.

सयाजीराव महाराजांच्या काळात आजवा तलावाचं पाणी उताराने शहरात आलं, 1890 मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं. तो जमाना इंच, यार्ड आणि गॅलनचा. 1824 च्या ब्रिटिश कायद्याने गॅलन म्हणजे 10 पौंड पाणी असं ठरलं होतं, त्यामुळे एक सुरेख आडाखा जमायचा: आतल्या व्यासाचा इंचांत वर्ग केला, की यार्डभर पाईपमधल्या पाण्याचं वजन पौंडांत मिळतं. दहाने भागा, गॅलन झाले. चूक जेमतेम 2 टक्के. मेट्रिकमध्ये असं काही नाही. सेंटिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग गुणिले 0.0785, म्हणजे मीटरमागे लिटर. कोरडं, पण अचूक.

खरी गडबड मापाच्या नावात. लोखंडी पाईपला पूर्वी आतल्या मापाने नाव मिळालं. पुढे लोखंड सुधारलं, भिंत पातळ झाली. पण जुने आटे बसायला हवेत म्हणून बाहेरचा व्यास तोच ठेवला. साहजिकच पोट वाढलं. आजचा अर्धा इंची, मध्यम जाडीचा जीआय पाईप आतून 12.7 नव्हे, सुमारे 16 मिमी भरतो, म्हणजे पाणी दीडपटीहून जास्त.

पीव्हीसीचं उलट. तिथे 110 मिमी हा बाहेरचा व्यास. भिंत 4 मिमी धरली तर आत 102 उरतात: मीटरमागे 8.17 लिटर. 110 घालून हिशेब केला तर 9.5 येतात. शंभर मीटरच्या नव्या लाइनला जंतू मारायला ब्लीचिंग पावडरचा डोस ठरवताना हा 133 लिटरचा फरक डोसातही उतरतो.