ब्राउन्सव्हिलची पीतज्वराची साथ (१८८२)

१८८२ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीकाठच्या ब्राउन्सव्हिल गावात आणि पलीकडच्या काठावरील मेक्सिकोच्या मातामोरोस शहरात पीतज्वराची साथ पसरली. नदी ही दोन देशांची सीमा असली, तरी बाजार आणि सोयरीक दोन्ही काठांवर पसरलेली होती.

ब्राउन्सव्हिलचे व्यापारी समुद्रमार्गे आलेला माल मेक्सिकोत पाठवीत. मात्र १८८१ मध्ये रेल्वे लारेडोला पोहोचल्याने हा व्यापार तिकडे वळू लागला होता, आणि अशा उतरत्या काळातच साथ आली. रोग अंथरूण-पांघरुणातून आणि मालाच्या गाठींतून पसरतो, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे रोग उत्तरेकडे जाऊ नये म्हणून गावाच्या उत्तरेला पहारेकऱ्यांची नाकेबंदी करण्यात आली. या बंदोबस्ताने व्यापार अडला, रोग प्रत्यक्षात पसरवणारा डास मात्र अडला नाही.

गावात नळ नव्हते. बारिलेरो म्हणून ओळखले जाणारे पाणके नदीचे पाणी पिंपांत भरून दारोदार विकत, आणि गाळ खाली बसावा म्हणून घरोघरी ते पाणी साठवून ठेवले जाई. एडिस डासाला अंडी घालण्यासाठी याहून सोयीची जागा नाही. आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत पिंपे रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळतात, तोही याच डासासाठी. बालपणी सौम्य आजार होऊन गेलेल्या स्थानिकांना रोगाची फारशी बाधा होत नसे. झळ मुख्यतः नवागतांना बसे. तापानंतर कावीळ, आणि गंभीर रुग्णांत काळी उलटी, असा क्रम घरच्यांच्या परिचयाचा होता.

गावालगतच्या फोर्ट ब्राउन या लष्करी ठाण्यावर विल्यम गॉर्गस हे तरुण डॉक्टर होते. तेथे मुक्कामी असलेल्या मेरी डाउटी या तरुणीवर त्यांनी उपचार केले. ती वाचेल अशी आशा उरली नव्हती, पण ती बरी झाली. मग गॉर्गस स्वतः आजारी पडले आणि तेही वाचले. १८८५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

डास हा वाहक असल्याचे मत क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडले होते, पण ते १९०० मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या मंडळाने सिद्ध करीपर्यंत कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढल्या वर्षी क्यूबातील हवाना शहराची आरोग्यव्यवस्था सांभाळताना गॉर्गस यांनी माणसे पाठवून घरोघरची पाण्याची पिंपे झाकून घेतली.