रत्नाचा भाव आणि मुंबईचा बाजार

६ एप्रिल १८५० रोजी ‘मेडिया’ ही ब्रिटिश युद्धनौका मुंबई बंदरातून इंग्लंडकडे निघाली. जहाजावर काय आहे, हे मोजक्याच लोकांना ठाऊक होते. लॉर्ड डलहौसीने लाहोरहून कमरपट्ट्यात शिवून आणलेला कोहिनूर त्याआधी मुंबईच्या खजिन्यात ठेवला होता. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला, तेव्हा बघणाऱ्यांची निराशा झाली. एवढा गाजलेला हिरा आणि चमक काहीच नाही! म्हणून १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले. सुमारे १८६ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटवर आला. चाळीस टक्क्यांहून जास्त वजन भुकटी होऊन गेले, तेव्हा कुठे त्याला चमक आली.

आपल्याकडच्या कारागिराने हे सहसा केले नसते. इथली रीत वजन राखायची. डाग दिसेल तिथे बारीक पैलू पाडून तो झाकायचा आणि बाकीच्या दगडाला शक्यतो हात लावायचा नाही. युरोपात मात्र प्रकाश आत शिरून परत डोळ्यांत यावा, यासाठी वजन सोडायची तयारी होती. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा म्हणून सांगितला जाणारा ‘नासिक’ हिराही याच वाटेने गेला. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून तो कंपनीच्या हाती पडला, तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनला त्याचे पहिल्यांदा पैलू बदलले, १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिराने पुन्हा बदलले. आज तो ४३.३८ कॅरेट आहे. निम्म्याहून जास्त वजन गेले आणि तरी त्याची किंमत घटली असे कोणी म्हणत नाही. मोल वजनात आहे की चमकेत, याचे उत्तर असे बाजार बदलला की बदलत आले आहे.

वजनाचा हिशेब मात्र फार जुना. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचे दर दिले आहेत: पांढऱ्या मोहरीचे आठ दाणे म्हणजे एक तांदूळ, आणि वीस तांदूळ वजनाच्या हिऱ्याची किंमत दोन लाख. वजन कमी होत गेले की किंमत त्याहून वेगाने उतरते. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने हेच वर्गाच्या हिशेबात सांगितले. वजन दुप्पट झाले तर किंमत चौपट. कारण सरळ आहे. लहान खडे टोपलीभर मिळतात, मोठे क्वचित.

याच ताव्हेर्नियेने सौद्याची पद्धतही लिहून ठेवली आहे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात आणि कापडाखाली एकमेकांचा हात धरतात. पूर्ण पंजा दाबला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, बोटाचे टोक म्हणजे दहा. आजूबाजूला माणसे बसलेली असली तरी भाव दोघांनाच कळतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून झालेले सौदे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. रत्नाला जाहीर दर नव्हता. एकाच पुडीला दोन गिऱ्हाइकांकडून दोन भाव मिळू शकत होते, आणि पारखी माणसाची कमाई त्या फरकात होती.

कोणते रत्न महाग, हेही ठरलेले नव्हते. सोळाव्या शतकातल्या इटलीत बेनवेनुतो चेल्लिनी हा सोनार लिहितो, की एक कॅरेटचे माणिक ८०० स्कुदी (तिथले नाणे), पाचू ४००, हिरा १०० आणि नीलम फक्त १०. म्हणजे हिरा तिसऱ्या क्रमांकावर. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये जांभळ्या ॲमेथिस्टचे प्रचंड साठे सापडले आणि राजमुकुटात बसणारा तो खडा साध्या अंगठीत येऊन बसला. १८६० च्या दशकाअखेरीस दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, तेव्हा हिऱ्याचेही तेच व्हायचे. पण १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने खाणी एका हाताखाली आणल्या, माल अडवून थोडा थोडा सोडला आणि पुढे जाहिरातींनी हिऱ्याची गाठ लग्नाशी बांधली. टंचाई निसर्गाचीच असावी लागत नाही.

मुंबईचे खरे रत्न मात्र त्या काळात हिरा नव्हते, मोती होते. मराठी बाईच्या नथीतले, चिंचपेटीतले, तन्मणीतले मोती ‘बसऱ्याचे’. ते बसऱ्याला निघत नसत. बहारीन, कुवेतच्या किनाऱ्यांवर पाणबुडे ते काढत, नाव मात्र व्यापाराच्या वाटेवरच्या बंदराचे लागले. मोसम संपला की आखाती व्यापारी माल घेऊन मुंबईत येत. इथे मोती चाळण्यांतून आकारवार निवडले जात, विंधले जात, लडींत ओवले जात आणि मग पॅरिस, लंडनला जात. आखातात चलन होते हिंदी रुपया. धनजी स्ट्रीट आणि मोती बाजाराचा परिसर या धंद्याने भरलेला असे.

मोत्याचे मोल ‘चव’ या हिशेबात धरत. वजनाचा वर्ग करायचा आणि मोत्यांच्या संख्येने भागायचे. एकाच वजनाच्या दोन लडी घ्या, एकीत दहा मोती, दुसरीत वीस. दहावालीची चव दुसरीच्या दुप्पट भरते. त्यावर आब (तेज), गोलाई आणि रंग पाहून चवीमागचा दर ठरे, आणि हा दर कोष्टकात बसत नसे. उत्तरेच्या उजेडात पांढऱ्या कापडावर मोती फिरवून पाहणाऱ्या डोळ्यांवर तो सोडलेला असे.

१९१७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची हवेली कार्तिए या जवाहिरांच्या पेढीला मिळाली ती दोन सरांच्या मोत्यांच्या हाराच्या बदल्यात. हाराची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. त्याच सुमारास जपानच्या मिकिमोटोचे संवर्धित मोती तयार होत होते. १९२१ मध्ये ते लंडनच्या बाजारात आले आणि हाहाकार उडाला. ते खोटे नव्हते, हीच अडचण होती. कालवाच्या पोटातच वाढलेले, फक्त आत मण्याचे बीज माणसाने घातलेले. वरून कितीही मुरलेला डोळा ते वेगळे काढू शकत नव्हता. १९२५ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा उघडली ती मुख्यतः यासाठीच. पण तेवढ्यात १९२९ ची मंदी आली आणि मोत्याचा भाव कोसळला. आखातातली गलबते किनाऱ्याला लागली, मुंबईच्या मोतीवाल्यांपैकी कित्येक हिऱ्याकडे वळले. कार्तिएचा तो हार १९५७ मध्ये विकला गेला सुमारे दीड लाख डॉलरना. मोती तेच होते.

माणिकाचे असे का झाले नाही? व्हर्न्योई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच भट्टीत माणिक बनवून दाखवले होते. पण त्या माणकात वाढीच्या वक्र रेषा दिसतात आणि गोल बुडबुडे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते सापडतात. फरक सांगता आला म्हणून खाणीतल्या माणकाचा भाव टिकला. माझ्या मते रत्नांच्या किमतीचा विसाव्या शतकातला सगळा इतिहास इथे आहे: हा वेगळा आहे असे दुसऱ्याला पटेल अशा रीतीने दाखवता येते का. पुढे नीलम, माणिक तापवून रंग खुलवणे सर्रास झाले, पाचूच्या भेगांत तेल भरणे तर जुनेच. त्यामुळे न तापवलेला खडा वेगळ्या भावाने जातो आणि मूळ गावही किंमत ठरवते. काश्मीरच्या पाडर भागातली नीलमची खाण १८८० च्या दशकात काही वर्षांतच रिकामी झाली, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘काश्मीर’ लिहिले असेल तर भाव कुठल्या कुठे जातो.

हिऱ्याचे चार निकष (वजन, रंग, स्वच्छता, पैलू) आता दुकानात शिरल्याबरोबर ऐकू येतात. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने रंगाची ‘डी’ ते ‘झेड’ पट्टी १९५३ मध्ये आणली आणि १९५५ पासून प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपापोर्ट या हिरे दलालाची दरपत्रिका निघाली आणि कापडाखालचा भाव छापील झाला. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीत आणि खाली रस्त्यावर पुड्या उघडून चालणारा व्यवहार २०१० नंतर बराचसा बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) भारत डायमंड बोर्स या हिरे बाजारात गेला. दलाल अजून आहेत. पण ‘कागद’, म्हणजे प्रमाणपत्र, आहे का, हा प्रश्न आधी येतो.

रंगीत खड्यांत मात्र ज्योतिषाचा भाव वेगळा चालतो. सव्वापाच रत्तीचा पुष्कराज मागणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की सोनाराची जुनी रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅमची आणि खडेवाल्याची बऱ्याच ठिकाणी ०.१८ ग्रॅमची. कॅरेट १९०७ पासून ०.२ ग्रॅम ठरलेले आहे. बिलावर कॅरेट लिहून घेतलेले बरे. (सोन्याचे २२ कॅरेट ही शुद्धता, तिचा इथे संबंध नाही.)

आता पाळी लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा केला तो कारखान्यांच्या कामाचा होता. आजचा दागिन्यात बसतो. ऐरणीवर घणाचे घाव सोसेल तो खरा, ही परीक्षा मराठी माणसाला पाठ असते. ती कुणी करून पाहू नये, कारण कठीण असला तरी हिरा ठरावीक दिशांना फुटतो, खाणीतला आणि यंत्रातला दोन्ही. दुकानातली उष्णता तपासणारी पेनही दोघांना हिराच म्हणते, कारण दोन्ही हिरेच आहेत. ओळखायला महागडे यंत्र लागते. उत्पादन वाढत गेले तसा लॅबग्रोनचा भाव घसरत गेला. २०२५ मध्ये जीआयएने त्यांना खाणीतल्या हिऱ्यांसारखे बारीक दर्जे देणे थांबवून ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ एवढेच शब्द ठेवायचे ठरवले. मोठ्या हिऱ्यांचे प्रमाणपत्रामुळे बरेचसे निस्तरते. बारीक मालाला मात्र प्रमाणपत्र परवडत नाही. एका पुडीत शेकडो खडे असतात आणि त्यात दोन-चार लॅबग्रोन मिसळले तर पारखी डोळा काही करू शकत नाही. म्हणून अशा पुड्या आता अख्ख्याच्या अख्ख्या यंत्रातून काढाव्या लागतात, आणि त्या तपासणीचा खर्च मालाच्या भावात धरला जातो.