पाय दुखावला म्हणजे घोडा संपला?

‘शर्यतीच्या घोड्याचा पाय दुखावला की त्याला गोळीच घालतात’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. हाडाचा चुरा झाला, तर बहुतेकदा दयामरण द्यावं लागतं, हे खरंच. पण कंडरा फाटली किंवा हाडाला बारीक चीर गेली, तर घोडा बरा होऊ शकतो; शर्यतीचा वेग मात्र झेपेलच असं नाही. असे कित्येक घोडे-घोड्या पुढे पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात.

अपघाताची जखम शिंगरात उतरत नाही. पायांची मुळातलीच सदोष ठेवण उतरू शकते. खरी अडचण वेगळीच आहे: थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदवलं जात नाही. त्यामुळे समागम नैसर्गिकच व्हावा लागतो आणि घोडीवर चढताना नराचे मागचे पाय भार पेलणारे हवेत. घोडीला सुमारे अकरा महिने गर्भाचं वाढतं वजन सोसावं लागतं.

पडताळायचं असेल, तर दुखापतीने निवृत्त झालेल्या एखाद्या घोडीची शेवटची शर्यत आणि वंशावळीच्या नोंदवहीतल्या तिच्या शिंगरांची जन्मसालं शेजारी ठेवून पाहा.