पिसाला चेनच नाही: सिल्की कोंबडी आणि मुंबईचा पाऊस

बाल्कनीत पडलेलं कबुतराचं एक पीस उचला, मुंबईत ते शोधायला लागत नाही. त्याची कड मध्येच बोटाने फाकवा, फट पडेल, मग तीच फट चिमटीत धरून खालून वर हलकेच ओढा, पीस पुन्हा जोडलं जातं, जणू काही झालंच नव्हतं. (नंतर साबणाने हात धुवा.)

हे कसं होतं तर पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी काड्या फुटतात, काड्यांना अजून बारीक तंतू, आणि त्या तंतूंवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आकडे, म्हणजे हुक. एका काडीचे आकडे शेजारच्या काडीच्या तंतूत अडकतात, जॅकेटची चेन लागावी तसे. पाऊस पिसावरून घरंगळतो तो मुख्यतः या घट्ट विणीमुळे, शेपटीजवळच्या ग्रंथीचं तेल मदतीला असतं, पण एकटं तेल काय करणार.

सिल्की ही कोंबडीची एक जात, तिच्यात हे आकडेच नीट तयार होत नाहीत. त्यामुळे चेन कधी लागतच नाही, सगळे तंतू मोकळे सुटतात आणि कोंबडी मांजराच्या पिल्लासारखी लुसलुशीत दिसते. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी चीनमधल्या मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल सांगितलं होतं, त्या बहुतेक याच. 2014 मध्ये संशोधकांनी या रेशमाचं मूळ पीडीएसएस2 नावाच्या जीनच्या अगदी आधीच्या डीएनएमधल्या एका अक्षराच्या बदलात शोधून काढलं. एक अक्षर चुकलं आणि कोंबडीचा रेनकोट गेला!

हा रेनकोटचा मुद्दा मला गोराईला कळला. माझ्या आत्याचं तिकडे बैठं घर आहे, मागे अंगण, अंगणात खुराडं, गावठी कोंबड्या कायमच्या. दोन वर्षांपूर्वी तिने हौसेने दोन सिल्की आणल्या. जूनमधली पहिली मोठी सर आली तेव्हा गावठी कोंबड्या अंग झटकून पडवीत उभ्या राहिल्या आणि या दोघी भिजलेल्या कापसाच्या बोळ्यासारख्या, निम्म्या आकाराच्या, थरथरत. आत्या म्हणाली, "अरे ही तर उंदरासारखी दिसतेय, टॉवेल आण आधी." टॉवेलने टिपून मग हेअर ड्रायर, लांबून आणि कमी गरम. तेव्हापासून पावसाळ्यात त्या छपराखालीच.

म्हणजे बघा, सिल्कीची अर्धी काळजी त्या आकड्यातूनच निघते. खुराड्याला छप्पर पाहिजे, बाजूने पावसाची झड आत येणार नाही असं, पण हवा खेळती. खाली भाताचं तूस, ओलं झालं की लगेच बदलायचं, कारण हिच्या पायांवरही पिसं असतात आणि त्यात चिखल आणि विष्ठा अडकून बसते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, पिल्लांना त्याचा जास्त त्रास. बसायचा दांडा जमिनीपासून हात-दीड हातावर पुरे, या पंखांनी उडणं जमत नाही. डोक्यावरचा झुबका डोळ्यांवर आला तर थोडा कापायचा, नाहीतर बिचारीला कावळा कधी आला तेच दिसत नाही. घुशींसाठी जाळी बारीक लावा, हे सिल्कीचंच नाही, मुंबईत कुठल्याही कोंबडीचं.

उकाड्याचं वेगळं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि आतला ओलावा हवेत सोडून थंड होते. ऑक्टोबर हीटमध्ये हवा आधीच दमट, ओलावा उडणार कुठे? आणि हिच्या अंगावर तर हवा धरून ठेवणारी गोधडी. सावली, थंड पाणी, दुपारी फॅन, एवढं केलं तर निभावतं. खाण्याचं फार अवघड नाही, लेयरचं (म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांचं) खाद्य, वर थोडी कणी, पालेभाजी, कॅल्शियमसाठी कुटलेल्या शिंपल्या. फरसाण नको, मीठ सोसत नाही. लसी मात्र चुकवू नका, मानमोडीची तर नाहीच (राणीखेत म्हणतात ती हीच), आणि पिल्लं विकत घेताना मरेकची लस पहिल्या दिवशी दिली होती का हे विचारा. हा हर्पीसच्या कुळातला व्हायरस पिसांच्या कोंड्यातून पसरतो, पाय लुळे पडतात, औषध नाही, आणि सिल्की त्याला लवकर बळी पडते.

अंडी वर्षाला शंभर-सव्वाशे, तीही छोटी, कारण बाई सारख्या खुडूक होतात. अंडी दिसली की बसल्या, नसली तरी बसल्या. आत्याची एक चक्क बटाट्यावर बसली होती. प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं की कोंबडी अंडी द्यायचं थांबवून ऊब द्यायला लागते. लेयर कोंबड्यांमध्ये निवड करून करून माणसाने हा गुण जवळजवळ घालवला, सिल्कीत तो शाबूत आहे. म्हणून लोक हिच्याखाली दुसऱ्या पक्ष्यांचीही अंडी ठेवतात.

आत काय आहे ते तर अजून भारी. कातडी काळी, हाडांवरचं आवरणही काळं, चिनी नावाचा अर्थच काळ्या हाडांची कोंबडी. डीएनएचा एक तुकडा दोनदा छापला गेलाय, त्यात ईडीएन3 हा जीन आहे, त्यामुळे अंड्यातच रंगाच्या पेशी वाढतात आणि नको तिथपर्यंत पसरतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीतही हीच गडबड आहे. शिवाय पायाला चारऐवजी पाच बोटं, आणि कानाच्या पाळ्या निळ्या.

तर त्या खुडूक सिल्कीखाली आत्याने एका विक्रेत्याकडून "प्युअर सिल्की" म्हणून महागडी अंडी आणून ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं आली, पाच बोटंवाली, आत्या खूश. महिन्याभरात पंखांना साधी, चेन लागणारी पिसं फुटली. सरळ आहे, एक पालक गावठी होता. रेशमी पीस दोन्हीकडून आलं तरच दिसतं, पाचवं बोट एका बाजूने आलं तरी बहुतेकदा दिसतं. आत्या विक्रेत्याला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी तिला म्हटलं, टाकू नको, यांच्यातल्याच कोंबड्याची आणि तलंगांची (तरुण कोंबड्यांची) अंडी ठेव, रेशीम दोघांतही लपलेलं आहे, चारात एक रेशमी निघेल. तिचा विश्वास नव्हता. यंदा मार्चमध्ये नऊ पिल्लं निघाली, जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा मी तिथेच होतो. सात पिल्लं अंग झटकून पडवीत आली आणि दोघांसाठी आत्याने टॉवेल मागितला.