भाताचं खाचर हीसुद्धा पाणथळच

जुलैत वसई रोड-दिवा गाडीत खिडकीशी बसावं. जूचंद्र मागे पडलं की पाण्याने भरलेली खाचरं दिसू लागतात. नुकतीच लावणी झालेली असते, आणि बांधावर मान आखडून बसलेली ढोकरी, म्हणजे छोटा तपकिरी बगळा, पाण्याकडे टक लावून असते. पुढचं एक स्टेशन खारबाव. नावातच खार आहे. मुंबईच्या आसपास अशा नावाच्या जागी बहुधा कधीकाळी भरतीचं पाणी येत असे, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनींवर माणसाने पुढे भात पिकवला.

खार जमीन तयार होते ती बांधामुळे. खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा आणि त्यात उघाडी, म्हणजे झडपेचं दार, ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं. भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. मग पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो. तरीही थोडा खारटपणा उरतोच, म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तो सोसणारे भाताचे वाण काढले.

या बांधाची किंमत खाडीने मोजली. भरतीचं पाणी तुटलं की तिवरं वाळतात, चिखलातले निवट्या मासे जातात, कोळंबीच्या पिल्लांची आसऱ्याची जागा जाते. भाताने पाणथळ जागा खाल्ली, हे खरंच आहे.

पण त्या जागी जे आलं तेही कोरडं नव्हतं. चार महिन्यांसाठी तिथे गोड्या पाण्याची उथळ पाणथळ तयार होते. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून वलगणीचे मासे अंडी घालायला थेट खाचरांत चढतात. बेडूक अंडी घालतात, चतुरांच्या अळ्या पाण्यात वाढतात, मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, बांध पोखरतात आणि शेतकऱ्याच्या शिव्या खातात. बगळे या सगळ्यांवर जगतात. कोळी आणि बेडूक भाताचा रस शोषणारे तुडतुडे खातात. म्हणूनच कीटकनाशकाची सरसकट फवारणी अनेकदा अंगाशी येते: आधी कोळी मरतात, आणि मोकळं रान मिळालेले तुडतुडे दुप्पट जोमाने परततात.

खाचराच्या चिखलातली गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. पाणी साचलं की काही दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट, लोह, सल्फेट असं एकेक वापरत जातात, आणि हेही संपत आलं की मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य सुरू होतं. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, त्यामुळे खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दलदलीत, सल्फेटवाले जिवाणूच वरचढ राहतात. तिथल्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे, आणि मिथेन कमी सुटतो. बांध घातला, मीठ आणि सल्फेट धुऊन गेलं, की हा अडसर निघतो. मिथेनला बाहेर पडायची वाटही भातच देतो. मुळांना हवा पोचवणाऱ्या त्याच्या देठातल्या पोकळ नळ्यांतूनच बहुतांश वायू वर येतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 28 पट वातावरण तापवतो.

यावर उपाय आहे: खाचर कायम भरलेलं न ठेवता मधेमधे सुकू द्यायचं. पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरलं की पुन्हा भरायचं. मिथेन जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. मात्र त्याच काळात बेडकाची पिल्लं अजून पाण्यातच असतात, आणि खाचर सुकलं की ती मरतात. जपानमध्ये हे दिसून आलं आहे. मला वाटतं, खाचराच्या कडेला एक खोल चर ठेवला तर दोन्ही साधेल. आपल्याकडे तर जुलैत पाणी काढायचं म्हटलं तरी पाऊस काढू देत नाही. हा उपाय उन्हाळी भाताला जास्त लागू पडतो.

पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या देशांनी 2008 साली भातखाचरांना पाणथळ परिसंस्था म्हणून महत्त्व देणारा ठराव केला. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती आणि मिठागरं व्याख्येतून वगळली. ठाण्याची खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली, याचा आनंदच आहे. पण बगळ्यांना ही रेघ दिसत नाही. ते खाडीवरून उठतात आणि खाचरात उतरतात.

परवडत नाही म्हणून शेती सोडली, बांधाची डागडुजी थांबली, की उधाणात खांड पडते. खारं पाणी आत शिरतं आणि काही वर्षांत तिवरं पुन्हा उभी राहतात. शेतकऱ्याचं नुकसान होतं, तरी जागा पाणथळच राहते. भराव पडला तर तेही उरत नाही. एक हेक्टर खाचरात 10 सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ते 10 लाख लिटर होतं; भराव पडला की ते दुसरीकडे वाट शोधतं. गेल्या पावसात त्याच गाडीतून एका खाचरावर डेब्रिसचा ढीग दिसला. त्या खाचराचं पाणी शेजारच्या खाचरात शिरलं होतं, आणि तिथलं आवण, म्हणजे लावलेली भाताची रोपं, पाण्याखाली पिवळं पडत चाललं होतं.